बदामी पट्टी

काळ्या झोळीच्या दोन्ही बाह्यांत कोपरापर्यंत हात घालून भूपेंद्र पलंगावर बसला होता आणि आतलं रीळ बोटांनी चाचपत होता. झोळीला दुहेरी कापड, दुहेरी चेन. आत उजेडाचा कणही शिरत नाही; तो लागला की न धुतलेली फिल्म गेलीच. काय चाललंय ते फक्त बोटांना कळतं, आणि बोटांना जे कळत होतं ते त्याला पटत नव्हतं. कॅमेऱ्यातून निघालेलं रीळ लाकडासारखं घट्ट असतं. हे सैल होतं. अंगठ्याने दाबलं की दबत होतं, कडा वरखाली झाल्या होत्या आणि वर काहीतरी बारीक, पिठासारखं लागत होतं.

त्याने रीळ पुन्हा त्याच्या पिशवीत घातलं, पिशवी डब्यात, डब्यावर झाकण, आणि मग हात बाहेर काढले. उजव्या हाताची तीन बोटं पिवळी झाली होती.

संशय त्याला फ्रिजसमोरच आला होता. मुंबईच्या लॅबमध्ये सोळा मिलिमीटरची फिल्म महिन्यातून एकदाच धुतात, तीही पुरेशी रिळं जमली तर. या खेपेला डबे शुक्रवारपर्यंत पाठवा असा त्यांचा निरोप होता. म्हणून त्याने दह्याच्या पातेल्यामागून चारही डबे काढले. प्रत्येक डब्याच्या चिकटपट्टीवर त्याने मार्चमध्ये तारीख लिहिली होती, अर्धी पट्टीवर आणि अर्धी पत्र्यावर, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. चारही डब्यांवरची तारीख मोडली होती. अर्धे आकडे इकडे, अर्धे तिकडे.

भिकुबाई मागच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. घरात ती दोघंच होती. त्याची बायको रुचिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी खापरला गेली होती.

"माय, फ्रीजमातला डबा तू उघाडात का?"

"हां. दसराले."

"यंदा आपला सन नही ना?"

"सन नही. पन हत्यारले बिनपूजानं ठेवतस का? तुन्हा कॅमेराले लाई, मंग त्या डबासले बी लाई. कुकू मी आते लावत नही, नुसती हयद लाई."

"वरथीनच लावनी व्हती."

भिकुबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"वरथीन? शिलाई मशीननं झाकन काढाबिगर कधी पूजा लागस का? एवढा शिकेल मास्तर तू!"

भूपेंद्र तिच्यासमोर उकिडवा बसला. पुढचा प्रश्न विचारू नये असं त्याला फार वाटत होतं.

"मझार कायी पिशवी व्हती."

"ती बी उघाडी. देव्हाराजोडे अंधारा शे, म्हनीसन लाईट लावा. तरी धड दिसये नही. मंग आठे वट्टावर लई उनू." तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तू त्यासले सांगेल व्हतं ना, आबा, तुमी या डबामा शंभर वरीस ऱ्हाशात. मी चुल्हाजोडेथीन आयकं व्हतं. म्हनीसन समदी पट्टी उकली. चारी डबासनी. त्या कोठेच दिसनात नहीत. समदी बदामी, कोरी. मंग परत गुंढाई ठेवी. दुपार गयी मन्ही."

ओट्यावर ऊन होतं. दसऱ्यालाही असंच असणार, सणसणीत. भूपेंद्रने ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. चार डब्यांतली साडेचारशे-पाचशे मीटर फिल्म इथे पसरली असेल, आणि साठी ओलांडलेली ही बाई ती वीत-वीत उन्हात धरून नवऱ्याचा चेहरा शोधत बसली असेल.

"धुवाबिगर दिसत नहीत ना त्या?" तिने विचारलं.

"नही," भूपेंद्र म्हणाला.

"तेच म्हने मी. मंग धाड ना आते लवकर. वरीसश्राद्धले समदासले दखाडसूत."

त्याने मान हलवली आणि उठून हात धुवायला गेला. साबण लावूनही बोटांचा पिवळेपणा पुरता गेला नाही.

आईवर राग येता तर बरं झालं असतं. राग कुणावर काढायचा हे भूपेंद्रला चांगलंच ठाऊक होतं, आणि तो माणूस मोरीतल्या आरशातून त्याच्याकडे पाहत होता.

पुण्यात सिनेमाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आला तेव्हापासून त्याच्या डोक्यात फिल्म बसली होती. शाळेतली नोकरी सांभाळून अठरा मिनिटांचा एक सिनेमा करायचा, अहिराणीत, आणि तो खऱ्या फिल्मवर. हेमकांतने त्याला वेड्यात काढलं होतं. हेमकांत त्याचा वर्गमित्र, शहाद्याला लग्नाच्या शूटिंगचा धंदा. त्याच्याकडे चांगला डिजिटल कॅमेरा होता आणि तो फुकट द्यायला तयार होता. दिवसभर चालू ठेव, चुकलं तर पुसून परत घे, खर्च चहाचा, असं त्याचं म्हणणं. भूपेंद्र म्हणाला, पुसता येतं म्हणूनच नको. कार्ड उडतं, डिस्क बसते, दहा वर्षांनी फाइल उघडतसुद्धा नाही. फिल्म डब्यात पडून राहिली तरी टिकते. बोलण्यात तो कुणाला हार जात नसे. पुण्याहून त्याने जुना, पीठगिरणीसारखा घरघरणारा कॅमेरा आणला आणि चार रिळं आणली. कॅमेऱ्याच्या आवाजात बोलणं टिपता येईना, तेव्हा आवाज नंतर भरू असं ठरलं.

सिनेमात काम करणारा माणूस एकच, भूपेंद्रचे वडील चुडामण. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर. गोष्टही त्यांचीच: निवृत्त झालेला कंडक्टर रोज ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीत माणसं चढवून देतो. चार रिळं म्हणजे सगळी मिळून चव्वेचाळीस मिनिटं, हे कळल्यावर आबांनी प्रत्येक प्रसंग आदल्या संध्याकाळी अंगणात घोटला आणि कॅमेऱ्यासमोर एकदाच केला. एक फूट वाया जाऊ दिला नाही. हयातभर ज्याने तिकिटाचा कागद वाया घालवला नाही, तो फिल्म कशी घालवेल!

शेवटचा एक प्रसंग राहिला होता, म्हणून डबे धुवायला पाठवले नव्हते. जूनमध्ये आबाच गेले, जेवता जेवता, हात ताटात असताना. त्यानंतर डब्यांना हात लावायचं भूपेंद्रच्याने झालं नाही.

त्याने परसात जाऊन हेमकांतला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"धाडी दे तरी," हेमकांत म्हणाला. "मझारला एखादा वेढा वाचेल ऱ्हाई."

"समदी उकली व्हती रे. उनमा."

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता.

"हेमकांत, तुनाजोडे आबाना काही शे का? मोबाईलमा, कोठे बी?"

दोघांनाही तो दिवस आठवत होता. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी आबा झाडाखाली एकटेच तालीम करत होते, हातवारे करून, गावांची नावं पुकारत. हेमकांतने हळूच मोबाईल काढून दोन मिनिटं ते टिपलं. भूपेंद्रने पाहिलं आणि तो सगळ्यांसमोर भडकला. हे काय लग्न आहे का, म्हणाला. माझ्या सेटवर मोबाईल निघणार नाही, म्हणाला. आणि मोबाईल हातात घेऊन, आबांच्या देखत, त्याने ते स्वतः पुसलं. आबा तेव्हा हसून म्हणाले होते, जाऊ दे, मालक तो आहे.

"नही रे भाऊ," हेमकांत अखेर म्हणाला. "मन्हाजोडे काहीच नही."

तुला तेव्हाच सांगत होतो, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर भूपेंद्रला भांडता तरी आलं असतं. फोन बंद करून तो परसातल्या धोंड्यावर बसला आणि मनगट तोंडावर दाबून रडला, आवाज ओट्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

डबे पाठवायला आता काहीच अर्थ नव्हता. पण न पाठवायचे तर कारण सांगावं लागणार, आणि कारण ओट्यावर बसून शेंगा फोडत होतं. लॅबवाल्यांनी बिघडवलं, असं महिन्याभराने सांगता येईल. मुंबईच्या माणसांना शिव्या घालून भिकुबाई मोकळी होईल. एवढं ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. त्याने खोकं आणलं, जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे भरले आणि चारही डब्यांवर नवी चिकटपट्टी लावली.

तो मोटरसायकल काढतो आहे तोच भिकुबाई चपला घालून बाहेर आली. जूनपासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता.

"मी बी येस."

"तू कसाले? मी देई येस ना."

"त्या मुंबईले जाई ऱ्हायनात नी मी घरमा बसू?"

शहाद्यापर्यंत खोकं तिने मांडीवर धरलं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी ते उचलून धरायची. भूपेंद्रला पाठीला त्याचा धक्का कळायचा.

कुरिअरच्या दुकानात नवनीत नावाचा पोरगेला माणूस काउंटरवर होता. त्याने खोकं काट्यावर ठेवलं आणि फॉर्म ओढला.

"यामा काय शे?"

"मन्हा मालक शेतस," भिकुबाई म्हणाली.

नवनीतने भूपेंद्रकडे पाहिलं.

"सिनेमानी रिळं," भूपेंद्र म्हणाला.

"जुनी रिळं? मंग मोठं लिखी देस, उजेडात उघडू नये." नवनीतने मार्कर काढला. "आमना काकाना फोटो स्टुडिओ व्हता."

"उजेडनं काही नही. तू फक्त जपीसन न्या असं लिख."

"काही नही कसं? उजेड लागना का खलास. माले काकानी एकदाव मारेल शे त्यानाकरता. नुसता दरवाजा उघाडा व्हता मी, नी एका लगीनना समदा फोटो गयात."

"हाई रिळं वेगळी शेतस," भूपेंद्र म्हणाला. आवाज हवा त्याहून मोठा निघाला. "याले उजेड चालस. तू लिख ना भाऊ, सांगस तसं."

नवनीतने खांदे उडवले आणि लिहिलं. भिकुबाई काउंटरच्या कडेला उभी होती. तिचा हात खोक्यावर होता. तो तिने काढून घेतला आणि पदराखाली नेला. पावती झाली, खोकं आतल्या खोलीत गेलं, तरी तो हात बाहेर आला नाही.

परतीच्या वाटेवर भूपेंद्र बोलत राहिला. लॅब किती मोठी आहे, फिल्म कशी औषधात घालतात, मग वाळवतात, असं काय काय. रिळं कधी येतील, हे तिने एकदाही विचारलं नाही. मोहिद्याच्या पुढे पपईचे मळे लागले तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी थांबाड."

त्याने गाडी बाजूला घेतली. ती उतरली.

"मोबाईलले उजेड चालस ना रे?" तिने विचारलं.

"चालस," तो म्हणाला. मग त्याच्याने राहवेना. "माय, तुन्ही काही चूक नही. मीच—"

"ऱ्हाऊ दे." तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. रस्त्याच्या कडेला सावली सोडून ती उन्हात जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावरचा घाम पुसला. "मन्हा काढी ले. येनारा पोरले काही ते दखाड."

भूपेंद्रने मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. लाल ठिपका लागला, आकडे पळू लागले. भिकुबाई हात सरळ सोडून, श्वास रोखून, समोर पाहत ताठ उभी राहिली, कधीकाळी तालुक्याच्या फोटोवाल्याकडे उभी राहिली असेल तशी. पापणीसुद्धा हलवत नव्हती. मागे पपईची पानं हलत होती, एक ट्रक गेला, तिचा पदर उडून पुन्हा बसला.

यात हललं तरी चालतं, बोललं तरी चालतं, हे तिला सांगायला हवं होतं. तो तसाच मोबाईल धरून उभा राहिला, आणि ती तशीच.