आणला कोणी?

साहेबांचा धंदा म्हणजे चूक कोणाची ते ठरवणं. विमा कंपनीचे ते सर्व्हेअर. कुठे दोन गाड्या धडकल्या की साहेब टॉर्च घेऊन हजर. चाकांचे ठसे, काचांचा चुरा, कोण कुठून वळलं, कोणी वेळेवर ब्रेक दाबला नाही. आणि त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: सर्व्हे होईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. आधीच दुरुस्ती झाली, तर दोष कोणाचा हे कळणार कसं? घरात कपबशी फुटली तरी तुकडे गोळा करायच्या आधी ते विचारत, "नेमकी कुठे ठेवली होती?" सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणायची, म्हणून बायकोही म्हणू लागली. त्यात आदर किती आणि वैताग किती, हे मात्र त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही.

बायको पडद्यांच्या दुकानात होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि परत येऊन कापड बेतायचं, हे तिचं काम. एके दिवशी मालकिणीने फर्मान काढलं की चाळिशी ओलांडलेल्या सगळ्याजणींनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून यावी, अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळेल. तिला काहीच त्रास नव्हता. ती सुट्टीच्या लोभाने गेली, हे ती आजही उजळ माथ्याने सांगते. पण रिपोर्ट आला आणि तिला पुन्हा बोलावणं आलं.

"हा विषाणू घरोघरी असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून आपला आपण निघून जातो. तुमच्यातला मुक्काम ठोकून बसलाय, आणि पेशी थोड्या बदलायला लागल्यात. घाबरू नका, कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. म्हणून तर आत्ताच बघायचं. पुढच्या आठवड्यात या. भिंगातून तपासू, गरज वाटली तर छोटासा तुकडा काढू."

घाबरू नका म्हटल्यावर कोणीही घाबरतं, तशी तीही घाबरली. घरी येईपर्यंत कॅन्सर सोडून बाकी एकही शब्द तिच्या डोक्यात उरला नव्हता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने साहेबांना सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.

"आला कुठून?" साहेब म्हणाले.

दुखतंय का, भीती वाटते का, मी सोबत येऊ का, हेही प्रश्न त्यांच्या मनात असतील म्हणा. पण त्यांचा नंबर लागायला अजून वेळ होता. तिने डोळे पुसले आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं. साहेबांचा चेहरा धडक बसलेल्या बंपरसारखा झाला.

शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असा घरात समज होता, आणि तो त्यांनीच पसरवला होता. "अरे, ती पोहायला जाते ना," त्या आतूनच म्हणाल्या. "तिथल्या पाण्यातून लागला असेल."

साहेबांच्या जिवात जीव आला. दुसऱ्याच दिवशी ते पोहण्याच्या तलावावर गेले आणि तिथल्या माणसाला पाणी कधी बदलता, औषध किती टाकता, असं खोदून खोदून विचारू लागले. तो बिचारा त्यांना आरोग्य खात्याचे समजला आणि लगबगीने पायऱ्या घासायला लागला. तलावातून काही निष्पन्न झालं नाही, तेव्हा दुकानातल्या संडासाची पाळी आली. तिथेही काही हाती लागेना, तेव्हा साहेब चहा ढवळत सहज म्हणून बोलले, "तू मापं घ्यायला जातेस, तेव्हा त्या घरांत कोण कोण असतं?"

तिच्या हातात कात्री होती. ती तिने टेबलावर इतक्या जोरात आपटली की सातवीतली मुलगी अभ्यास सोडून दारात आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सुखात दुःखात बरोबर राहिलो, आणि हा माणूस मी कोणाकोणाच्या खिडक्या मापल्या ते मोजतोय. तिला संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तपासणीच्या दिवशी साहेब तिच्या वाटेत उभे राहिले. आवाज अगदी मऊ, समजूतदार. "घाई कशाला? आधी हे नक्की होऊ दे. एकदा ते काढून टाकलं की मग काहीच कळायचं नाही."

आणि ती थांबली. तिचं तिलाच नवल वाटलं, पण थांबली. गेली तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसणार, म्हणजे हिचंच काहीतरी आहे असं होणार. न जावं तर आत पेशी बदलत राहणार, त्या काही साहेबांच्या निकालाची वाट बघत बसणार नव्हत्या. तिने दवाखान्यात फोन करून दुसरी तारीख घेतली आणि रोज आरशात स्वतःकडे बघत मनाशी म्हणू लागली, या वेळी जायचंच.

दुसरी तारीख उजाडली. "आणखी थोडे दिवस," साहेब म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. पायात चपला, हातात पिशवी.

"चल गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तलावाचं मी खोटं सांगितलं होतं, तू गप्प बसावास म्हणून. तर तू तिथे जाऊन पोहोचलास."

"आई, पण कळायला नको का?"

"तुझी धाकटी मावशी आठवते? तिला पाळी गेल्यावरही रक्त जायचं. तेव्हाही सगळे असेच शोधत बसले होते, हिचं काय चुकलं, ही कुठे गेली होती. नवरा, दीर, सासरे, सगळे तुझ्यासारखेच साहेब. दवाखान्यात नेली ती उचलूनच."

"मग ठरलं काय?" साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ठरलं की. चूक तिचीच ठरली. फक्त ऐकायला ती नव्हती."

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदाच सुनेचा हात धरून रस्त्यावरून चालत होत्या. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी औषध लावून भिंगातून पाहिलं. एक पांढरा डाग दिसला, त्याचा कणभर तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. मग काही दिवसांनी परत बोलावून तेवढा भाग काढून टाकला. थोडं दुखलं, आणि ती त्याच दिवशी घरी आली.

पुढच्या भेटीला साहेबही आले. केस पाणी लावून बसवलेले, जणू साक्षीला आलेत. डॉक्टरबाईंनी आता दरवर्षी तपासणीला यायचं म्हणून सांगितलं. मुलीला लस द्या म्हणाल्या, तिच्या वयात चांगला उपयोग होतो, पण पुढे मोठी झाल्यावर तपासणी तिलाही चुकणार नाही. साहेबांनी मान डोलावली आणि घसा खाकरला.

"डॉक्टर, तो नेमका कोणाकडून..."

"ते कुठलीच तपासणी सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. यांच्याकडून असेल, तुमच्याकडून असेल. तुमच्या लग्नाआधीचाही असू शकतो."

साहेबांचे कान लाल झाले. दोष ठरवण्यातला त्यांचा जन्मभराचा रस त्या क्षणी पार आटला. बाहेर येऊन ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

"तू मला एकदाही विचारलं नाहीस," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"की माझ्याकडून आला का."

तिने पर्स बंद केली. "विचारणार होते. पहिल्याच दिवशी. पण मग तुम्ही ते शोधत बसला असता, आणि मी उत्तराची वाट बघत बसले असते. मला जगायचं होतं."