मालक येथे राहत नाहीत

बिबवेवाडीतल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उजव्या हाताचं दार गद्र्यांचं. दारावर नाव नव्हतं, पाटी होती. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत श्रीधर गद्र्यांनी ती स्वहस्ते रंगवलेली होती: ‘येथे मालक राहत नाहीत. सबब वर्गणी, विमा, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे व विनाकारण आपुलकी घेऊन येणाऱ्यांनी बेल वाजवू नये. हुकमावरून.’

श्रीधररावांनी उमेदीची वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांचं जेवण जात नसे, आणि पाटीत एकही चूक नव्हती. शकूने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घर घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, “दारावर साधी नावाची पाटी लावू या ना.” तेव्हा ते म्हणाले होते, “नाव लावलं की लोक बेल वाजवतात.” विषय तिथंच मिटला. शकूच्या मनातून मात्र तो कधी गेला नाही, कारण घर तिच्या नावावर होतं. छापखाना बंद पडला आणि टपाल खात्यातल्या तिच्या पगारावर कर्ज निघालं. अठरा वर्षं हप्ते फेडले, सही तिची. नाव तेवढं खरेदीखतात दडून बसलेलं.

यंदा मिळकतकराचं बिल आलं आणि शकूने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला करात चाळीस टक्के सवलत मिळते. ती दरवर्षी मिळायची. यंदा त्या रकान्यात शून्य होतं.

“छपाईची चूक असेल,” श्रीधरराव म्हणाले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या चुका छपाईच्याच असत.

दुसऱ्या दिवशी शकू पिशवीत खरेदीखत, गॅसचं पुस्तक आणि मतदार ओळखपत्र घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या शर्मिला नावाच्या मुलीने आकडे घातले आणि स्क्रीन शकूकडे वळवली.

“काकू, तपासणीला आमचा माणूस आला होता. घराला कुलूप होतं. त्याने फोटो काढलाय.”

फोटोत शकूचं स्वतःचं दार होतं, आणि दारावर ती पाटी. ‘येथे मालक राहत नाहीत’ एवढीच ओळ मोठ्या अक्षरांत असल्यामुळे स्पष्ट दिसत होती. त्या दिवशी ही दोघं खडकवासल्याला कणसं खायला गेली होती. खाली शेरा होता: मालक राहत नसल्याचे दारावरच नमूद.

“ते आमच्या ह्यांचं लिहिलेलं आहे हो,” शकू म्हणाली. “ते फेरीवाल्यांसाठी आहे.”

“आम्ही फेरीवाल्यांत मोडत नाही, काकू,” शर्मिला म्हणाली, पण हसून म्हणाली. मग तिने नीट समजावलं. पीटी-तीन नावाचा अर्ज भरायचा. त्याला ओळखीचा पुरावा जोडायचा आणि मालक इथंच राहतो असं सोसायटीचं पत्र आणायचं. मुदत आठ दिवस. पुन्हा तपासणी होईल, तेव्हा घरी थांबायचं.

शकू रिक्षात बसली. पैशांचं तिला वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त लागला तो शेरा. ज्या घरासाठी तिने अठरा वर्षं डब्यात उसळ नेली, त्या घरात ती राहतच नाही असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं, आणि तेही तिच्याच नवऱ्याच्या अक्षराच्या भरवशावर. तिला रडू आलं. घरी पोचेपर्यंत त्याचा राग झाला होता.

श्रीधररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “पाटीत खोटं काहीच नाही. मालक राहत नाहीत. मालकीण राहते. त्या माणसाला लिंगभेद कळला नाही, याला मी काय करू?”

शकूने हातातली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. “सोसायटीचं पत्र तुम्ही आणायचं. पाटी तुमची आहे.”

इथं श्रीधररावांचा चेहरा पडला. सोसायटीचे सेक्रेटरी होते संभाजीराव. इमारत उभी आहे तिथं पूर्वी त्यांचं शेत होतं. चार वर्षांपूर्वी ते गणपतीची वर्गणी मागायला आले, तेव्हा श्रीधररावांनी दार बोटभर उघडून “मालक नाहीत, आम्ही भाडेकरू” असं सांगून परत लावलं होतं. तेव्हापासून जिन्यात दोघांची नजरानजर झाली की दोघांनाही पायऱ्या मोजायचं काम लागे.

श्रीधरराव तीन दिवस उद्या-उद्या करत राहिले. चौथ्या दिवशी शकूने स्वयंपाकात मीठ घालायचं सोडलं, तेव्हा ते उठले.

अर्ध्या तासाने ते परत आले. खाली काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते शकूला संभाजीरावांच्या सूनबाईंकडून कळलं. सूनबाई दाराआडच उभ्या होत्या.

“तुमीच म्हनला व्हता ना भाडेकरू हाय म्हनून?” संभाजीरावांनी विचारलं.

“म्हणालो होतो.”

“मंग आता खरं काय ते सांगा. मालक कोन हाय?”

श्रीधररावांनी चष्मा काढून हातात घेतला. मग खाली बघत म्हणाले, “ती आहे. घर तिचं आहे. माझ्याकडून एक वीटही लागलेली नाही. दारावर तिचं नाव लावलं असतं, तर माझं कुठं लावायचं हा प्रश्न होता. म्हणून कुणाचंच लावलं नाही.”

हे ऐकून शकू पोळी लाटता लाटता थांबली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस नुसता तिरसट आहे.

पत्र मात्र संभाजीरावांनी मनापासून दिलं होतं: ‘सौ. शकुंतला गद्रे या सदर सदनिकेच्या मालक असून स्वतः तेथेच राहतात. त्यांच्यासमवेत एक गृहस्थही राहतात. ते बाहेरच्या पाटीवरून सर्वांना परिचित आहेत.’ श्रीधररावांनी ते वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि परत ठेवलं. चूक सापडली नाही. चार वर्षांची वर्गणी देऊन आले होते, त्याची पावती मात्र त्यांनी शकूला दाखवली.

अर्ज गेला. पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. शकूचे हात पिठात होते. श्रीधरराव दार उघडायला गेले. बाहेर तपासणीचा माणूस, राकेश, हातात कागद घेऊन उभा होता. त्याने एकदा फोटो बघितला, एकदा दार, आणि दारावरची नवी पाटी मोठ्याने वाचली, “शकुंतला गद्रे. येथेच राहतात. बेल एकदाच वाजवावी.”

शकूला काही कळेना. सकाळी ती दूध घ्यायला गेली, तेव्हा दारावर जुना हिरवा पत्राच होता.

“मालक आहेत का?” राकेशने विचारलं.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात श्रीधररावांनी बायकोला “शकू” म्हटलं, “अगं” म्हटलं, रागात “ऐकतेस का” म्हटलं. आज ते आत वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “अहो मालक, बाहेर या. तुम्हाला भेटायला आलेत.”

शकूने पिठाचे हात तसेच पदराला पुसले. कढईखालचा गॅस बारीक केला. मग बाहेर आली. राकेशने ओळखपत्र बघितलं, स्वयंपाकघरात डोकावला, गॅसवरची कढई बघितली आणि समाधानाने खूण केली.

“आणि आपण?” त्याने श्रीधररावांना विचारलं.

“मी भाडेकरू,” श्रीधरराव म्हणाले. जित्याची खोड, दुसरं काय. “भाडं अजून ठरायचंय.”

राकेशचं पेन कागदावर थबकलं.

“लिहू नका हो ते,” शकू घाईने म्हणाली. “मिस्टर आहेत माझे. स्वतःच्याच घरात राहतात, फक्त कबूल करत नाहीत.”