हॅनरहानच्या डोक्यावरची रेंज

कत्तलखाना बंद पडला, कुरबीनमधल्या अर्ध्या गावाचं काम गेलं आणि तेव्हापासून सगळ्यांची हॅनरहानशी घसट वाढली. हॅनरहान टेकडीवरच्या कबरस्तानात, नोएलीन ब्रॅकन जन्मायच्याही आधीपासून विसावलेला. गावात मोबाइलला रेंज यायची ती फक्त त्याच्या थडग्याच्या दगडावर. फोन दगडाच्या माथ्यावर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि ओरडून बोलायचं. दगडावरून उचलला की रेंज गेली. त्यामुळे बेकारभत्त्याच्या ऑफिसातून मुलाखतीचा फोन आला, की कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाचा नवरा पळालाय, हे मागच्या रांगेला आपसूक कळायचं.

नोएलीनचा मागचा फोन हुकला होता. ऐन वेळी मॅगपायने तिच्या डोक्यावर झडप घातली आणि ती फोन सोडून पळाली. 'पक्ष्याचं कारण चालत नाही,' असं सांगून ऑफिसने भत्ता थांबवला. आजचा फोन हुकला असता तर सगळं पहिल्यापासून. म्हणून आज तिने डोक्यावर पातेलं घातलं होतं आणि खासदार पेंडलबरींनाही याच वेळी टेकडीवर बोलावलं होतं. मागणी एकच: आठवड्यातून एक दिवस भत्त्याचा माणूस गावच्या वाचनालयात बसवा.

"कबरस्तानात सॉसेज?" फाटकाशी चूल मांडलेल्या मर्व्हला पेंडलबरींनी विचारलं.

"कांदा घालू का, साहेब? इथल्यांची तक्रार नसते."

तेवढ्यात दगडावरचा फोन वाजला. नोएलीनने स्पीकर लावला.

"नोएलीन ब्रॅकन? तुमच्याजवळ आणखी कुणी आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

नोएलीनच्या जिभेवर खोटं येईना. "हॅनरहान आहे."

"ते तुमच्यासोबत राहतात?"

"अगं पोरी, तो मेलाय."

"अरेरे. त्यांचं काही उत्पन्न?"

मागे रांगेत खसखस पिकली. पेंडलबरींना मात्र राहवेना. ही वेळ आपली, असं त्यांना वाटलं असावं. "थांबा, मी बघतो," म्हणत ते ऐटीत पुढे झाले, फोन उचलून कानाला लावला आणि म्हणाले, "मी खासदार..."

फोन मेला.

नोएलीनने पातेलं काढलं. तिचा चेहरा पाहून मर्व्हचा चिमटाही थांबला. "साहेब," ती हळूच म्हणाली, "मॅगपाय परवडला हो."

पेंडलबरी लाल झाले. "मी आत्ता लावतो. माझं नाव सांगितलं की..."

"सांगा ना. पण दगडावर सांगा."

त्यांनी आपला फोन हॅनरहानच्या डोक्यावर ठेवला. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं एक बाई म्हणाली आणि बासरी सुरू झाली. पेंडलबरी वाकून उभे राहिले, मग गुडघ्यावर आले. मर्व्हने एक सॉसेज आणून दिलं, मग दुसरं. ड्रायव्हर दोनदा येऊन पुढच्या सभेची आठवण करून गेला.

"फोन तोडू नका हं," रांगेतून आयलीन ओरडली. "तोडला की पुन्हा रांगेत शेवटून!"

"हे रोज असंच?" पेंडलबरींनी गवतात बसून विचारलं.

"नाही, रोज सॉसेज नसतं," नोएलीन म्हणाली.

ऊन कलल्यावर बासरी थांबली. आता पेंडलबरींनी फोनला बोटही लावलं नाही. "नोएलीनबाईंचा फोन माझ्यामुळे तुटला. चूक माझी. त्यांची मुलाखत घ्या," ते दगडाजवळ तोंड नेऊन ओरडले. मुलाखत झाली. भत्ता सुरू झाला.

स्थानिक पेपरात फोटो आला: थडग्यापुढे गुडघे टेकलेले खासदार, ओठाला कांदा. त्या फोटोनंतर वाचनालयात टेबल यायला फार वेळ लागला नाही. टेबलामागे एक खराखुरा, शिंकणारा माणूस.

पहिल्या दिवशी नोएलीन तिथलं काम उरकून सवयीने टेकडी चढली. वर कुणीच नव्हतं. तिने चहाचा थर्मास उघडला आणि दगडाला टेकून बसली.

"तुझं उत्पन्न विचारत होती रे पोरगी," ती म्हणाली. "सांगितलं नाही मी."