हात वर, रेंज गायब

आमच्या गावच्या चर्चसमोरच्या चौकात दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. एवारिस्तोंनी उजवा हात वर केला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता आकाश गप्प होईल." चारच्या ठोक्याला सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. बायकांनी गुडघे टेकले. वीस मिनिटांनी हात खाली आला, रेंजही आली. आकाश ज्याचं ऐकतं त्याच्यापुढे साखरेचा आजार काय टिकणार, असं ते म्हणाले. गर्दीतल्या मधुमेही ओब्दुलियाबाईंनी त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं.

एवारिस्तो माझे पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनीच मला हातांवर धरलं, वडील गेल्यावर शाळेत त्यांनीच घातलं. मी क्वेंका शहरात फोन कंपनीच्या देखरेख कक्षात काम करते. आन्देसच्या डोंगरांतले टॉवर आमच्या पडद्यावर दिसतात. एखादा बंद पडला की लाल अलार्म येतो. पाद्रीनो दर रविवारी फोन करायचे. मोते, म्हणजे उकडलेला मका, शिजवलास का, थंडी फार आहे का, आणि मग, या आठवड्यात आपल्या टॉवरवर काही काम आहे का गं पोरी? मी सगळं सांगायचे. माझ्या कामाची एवढी चौकशी दुसरं कोण करत होतं?

ओब्दुलियाबाई बेशुद्ध होऊन इस्पितळात आल्या, तेव्हा त्यांच्या लेकीकडून मला हा चमत्कार कळला. मी त्या दिवसाची नोंद उघडली. आमच्या गावच्या टॉवरवर दुरुस्ती होती, चार ते चार वीस, दहा दिवस आधी ठरलेली. ठरवून बंद करायच्या टॉवरचा अलार्म आम्ही आधीच बंद करून ठेवतो. नाहीतर बिघाड समजून कुणीतरी गाडी घेऊन धावतं. तो अलार्म मीच बंद केला होता. पाद्रीनोंना वेळ सांगितली होती तीही मीच.

तरी खात्री करायची होती. पुढच्या रविवारी मी मुद्दाम खोटं सांगितलं, गुरुवारी तीन वाजता म्हणून. खरं काम शुक्रवारी दहाला होतं.

गुरुवारी पाद्रीनोंनी पुन्हा लोक जमवले, मीही चौकात जाऊन उभी राहिले. हात वर झाला. तीन वाजले, सव्वातीन झाले, आणि गर्दीत कुणाचा तरी फोन वाजला. मी पुढे जाऊन सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. पाद्रीनो म्हणाले, गर्दीत अविश्वासू माणूस आहे म्हणून आकाश रुसलं.

"मग उद्या दहाला या," मी लोकांना म्हणाले. "पंचवीस मिनिटं रेंज जाईल. मी हात खिशात घालून उभी राहीन."

शुक्रवारी दहाला रेंज गेली, दहा पंचवीसला आली. या वेळी कुणी गुडघे टेकले नाहीत.

पाद्रीनो जवळ येऊन हळूच म्हणाले, "मला एकट्याला गाठून विचारायचंस, पोरी."

"तुम्ही दर रविवारी विचारायचात, ते माझ्यासाठी होतं का?"

ते वळून घराकडे चालू लागले.

ओब्दुलियाबाई वाचल्या, सुई पुन्हा सुरू झाली, पण एका डोळ्याचं दिसणं गेलं ते गेलंच. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, याला हे आधी कुणाकडून कळलं? डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि माणूस जवळचा असला तरी विचारा. मी विचारलं नाही, भोगलं ओब्दुलियाबाईंनी.