तपासणीपुरता शिपाई

"सर, हा सदरा तेवढा अंगावर चढवा," हेडमास्तर म्हणाले आणि शाळेचा शिपाई जानकू याचा धुतलेला खाकी सदरा त्यांनी जयवंतच्या पुढे धरला. बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. "जानकूला आज सुट्टी दिलीय. साहेब येतीलच आता. एका दिवसाचा तर प्रश्न आहे हो."

जयवंतने सदरा घेतला. बाह्या आखूड होत्या.

जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे सरकार पगार देत नव्हतं आणि संस्था देऊ देऊ म्हणत होती. आठ वर्षं जयवंत इथे विज्ञान शिकवत होता. प्रयोगशाळा म्हणून एक कुलूपबंद कपाट होतं आणि त्यात तडा गेलेल्या चार परीक्षानळ्या. गती शिकवायला तो मुलांना रस्त्यावर नेई आणि चढाला धापा टाकणारी एसटी दाखवी. द्रव्य शिकवायला घरून मीठ आणि कापूर आणी. पेशी मात्र कुठून आणणार? ती तो फळ्यावर काढी, आणि इतकी सुबक काढी की पेशी ही खडूचीच असते असं मुलांना वाटे.

दोन हजार एक साली एकदाचा शाळेच्या अनुदानाचा योग आला. पुण्याहून अधिकारी येणार, शाळा बघणार, शिक्षक बघणार, आणि जे मंजूर होतील त्यांना सरकारी पगार सुरू होणार. विज्ञानाची जागा एकच होती. त्या जागेवर संस्थेचे चालक अण्णा यांना एकाएकी आपला भाचा रोहिदास दिसू लागला. रोहिदास गेल्या महिन्यापर्यंत आळेफाट्याला मामांचं हॉटेल सांभाळत होता. त्याची पदवी कुठली, हे विचारायची पद्धत नव्हती.

"जयवंता, आरं तू मला पोरासारखा," अण्णांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. "पुढं तुकडी वाढली का पयली जागा तुझी. पर त्या दिशी शिपाई बनून हाताशी ऱ्हा. तोंड उघडलंस तर साळंला कायमचं कुलूप लागंल. बाकीच्या मास्तरांच्या बी चुली इझत्याल. बग बाबा, तूच इचार कर."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण ओरडायचं कुणापाशी? जयवंतचं वय नव्या नोकरीच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. ही जागा गेली की त्याला दुसरी जागा जगात नव्हती. त्याची बायको ज्योत्स्ना शिलाई मशीनवर वाकून वाकून आठ वर्षं संसार ओढत होती, ती याच एका दिवसाकडे डोळे लावून.

आज सकाळी चहाचा कप तिने त्याच्यापुढे आदळलाच.

"तुमी बोलणार हाय का न्हाई?"

"बोललो तर शाळा बुडेल, ज्योत्स्ना."

"आन् न्हाई बोललात तर आपुन बुडतोय, त्याचं काय? तुमच्या आईनं पेठ गावात साळंचं आंगण झाडलं, ते तुमी खुर्चीवर बसावं म्हनून. खाकी सदरा घालाया न्हाई. एवढंच म्हना, इज्ञानाचा मास्तर मी हाय. पुढं काय व्हायचं ते व्हऊ द्या."

"बोलतो," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. एसटीत बसल्यावर सबंध वाटभर तो तेच एक वाक्य घोकत आला. साहेब, विज्ञानाचा शिक्षक मी आहे. सदरा घालून का होईना, पण बोलायचं. आज नाही तर कधीच नाही.

हेडमास्तर नववीच्या वर्गात गेले. "आज यांना सर म्हणायचं नाही. विज्ञानाचे सर कोण? रोहिदास सर. कळलं का?" पोरं एका सुरात हो म्हणाली. पहिल्या बाकावरची सुगंधा तेवढी गप्प राहिली. ती लांबच्या वाडीवरून डोंगर उतरून शाळेला यायची आणि नर्स व्हायचं म्हणायची. आज कधी नव्हे तो टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. दुसऱ्या शाळेकडून तो आजच्यापुरता मागून आणला होता, आणि तिची नजर तिथून हलत नव्हती.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पूर्वी कधीतरी स्वतः जीवशास्त्र शिकवलेला, आणि त्यामुळे नेमका सूक्ष्मदर्शकाकडेच वळलेला. "वा! दाखवा बघू कांद्याची पेशी," ते रोहिदासला म्हणाले.

रोहिदासने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला. एवढं त्याला शिकवून ठेवलं होतं. साहेब वाकले.

"अंधार आहे हो."

रोहिदासने एक चक्र फिरवलं. मग दुसरं फिरवलं.

"अजून अंधारच आहे."

रोहिदास तिसरं चक्र शोधू लागला. जयवंत दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याला तिथूनच दिसत होतं, खालचा आरसा भिंतीकडे होता. त्याने तांब्या खाली ठेवला आणि पुढे झाला. वाक्य ओठांवर आलं होतं.

"साहेब."

साहेबांनी मान वर केली. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. दारात बाकीचे शिक्षक जमले होते. मराठीच्या बाईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता. त्यांच्या नवऱ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं होतं, घर त्यांच्यावर होतं. त्या नुसत्या जयवंतकडे बघत राहिल्या.

"साहेब... आरसा खिडकीकडं करायला पायजे," जयवंत म्हणाला. त्याने आरसा वळवला, चक्र हलकेच फिरवलं आणि बाजूला झाला.

"अरे वा! काय सुंदर दिसतंय!" साहेब खूश झाले. मग वर्गाकडे वळले. "पेशीच्या आत गोल ठिपका असतो, तो काय असतो?"

सुगंधा उठली. केंद्रक, त्याचं काम, भोवतीचा द्रव, बाहेरची भित्तिका, सगळं तिने न अडखळता सांगितलं. फळ्यावरची पेशी तिला पाठ होती.

"शाब्बास! कुणी शिकवलं तुला?"

सुगंधाने जयवंतकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"रोहिदास सरांनी," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

साहेब हसत जयवंतकडे वळले. "आणि काय रे, तुला आरशाचं बरं कळलं! किती शिकलायस?"

देवाने म्हणा, दैवाने म्हणा, दार पुन्हा एकदा उघडून दिलं होतं. आता तर त्याला स्वतःहून काही बोलायचंही नव्हतं. विचारलं तेवढं खरं सांगायचं होतं. बी.एस्सी., बी.एड., साहेब. त्याने तोंड उघडलं. बाईंचा पदर अजून तोंडावरच होता. समोर फळ्याच्या कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात इयत्ता लिहिलेली होती, तीच त्याने वाचली.

"नववी, साहेब."

"म्हणजे या पोरांच्याच वर्गात की! अरे, दहावीला बाहेरून बस. डोकं आहे तुला." साहेब रोहिदासला म्हणाले, "सर, याला जरा शिकवा हं वेळ मिळेल तसं."

"हो सर. शिकवतो," रोहिदास म्हणाला.

जयवंतने साहेबांची बॅग जीपपर्यंत नेऊन ठेवली. जीप वळणाआड गेली तसे अण्णा पेढे घेऊन धावत आले. "वाचवलंस गड्या, साळा वाचवलीस!" बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. जयवंतला पेढ्याची चव लागली नाही. संपलं, एवढंच त्याला कळत होतं. आठ वर्षं संपली, आणि ती कुणी हिसकावून घेतली नव्हती, त्याने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती. ज्योत्स्ना आता मशीन थांबवून रस्त्याकडे बघत असेल. तिला काय सांगायचं? विहिरीत जीव द्यायला निघालेल्या माणसाला कसं वाटत असेल, ते त्याला त्या घटकेला समजलं.

सूक्ष्मदर्शक दुपारच्या एसटीने परत जायचा होता. तो खोक्यात भरायला जयवंत वर्गात आला, तर सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झालेली.

"आमाला बगू द्या की, सर," एकजण हळूच म्हणाला.

जयवंतने त्यांची रांग लावली. बुटक्यांना स्टुलावर उभं केलं, एक डोळा कसा मिटायचा ते दाखवलं. "आयला, भिंत बांधल्यावानी हाय!" "खरंच ठिपका हाय रं!" पोरं ओरडत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या वर्गाने पेशी पाहिली.

सुगंधा सगळ्यांत शेवटी आली. भिंगावर वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"दिसलं?"

"न्हाई, सर. कायच दिसत न्हाई."

जयवंतने आरसा बघितला. नीट होता. काचपट्टी जागेवर होती. त्याने स्वतः डोळा लावून पाहिलं, विटांसारख्या पेशी लख्ख दिसत होत्या. मग त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"थांब हं," तो म्हणाला. "यातच जरा बिघाड दिसतोय." आणि तिचे डोळे पुसून होईपर्यंत तो तिच्याकडे पाठ करून, नीट असलेलं चक्र इकडून तिकडे फिरवत उभा राहिला.