बाहेरचे

माझा स्वभाव तापट, हे वडगावात कुणाला सांगायला नको. साड्यांच्या काठांच्या चार नक्ष्या सामायिक फोल्डरातून पुसल्या गेल्या, तेव्हा मी विणकर सोसायटीच्या ऑफिसात जाहीरच केलं, "आता कुणाला काय उघडायचं ते मी ठरवणार!" संगणकात 'कामगार' नावाचा गट होता, त्याला परवानगी दिली. दुसरा होता 'बाहेरचे'. असतील व्यापारी-बिपारी, म्हणून त्यांना सरसकट मनाई ठोकली. गटात नावं कुणाची आहेत ते बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. उतावळा नवरा परवडला, पण मी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारीअण्णा माझ्या टेबलापाशी आले. अण्णा उचगावचे, शेतकऱ्याघरचे. आम्हा विणकरांत बावीस वर्षं काठ काढतायत, मला माउस धरायला त्यांनीच शिकवलं.

"फोल्डर उघडंना. परवानगी न्हाय म्हनतंय," ते म्हणाले. "मला काढलंस व्हय गं रक्षा?"

"न्हाय अण्णा! तुम्हाला कोन काढतंय?"

"पयल्या दिवशी हितं मला बाहेरचाच म्हनलेते. आता संगणक म्हनाय लागला." त्यांनी चष्म्याचं घर, पट्टी आणि डबा पिशवीत भरला. कामावरून काढल्याचं तोंडावर सांगायचं धाडस नाही म्हणून मी हा उद्योग केला, असं त्यांना वाटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गट तपासले. अण्णा 'कामगार'मध्ये होते, तसेच 'बाहेरचे'मध्येही. एकाच माणसाला एका गटानं हो आणि दुसऱ्यानं नाही म्हटलं, तर संगणक नाहीचंच ऐकतो. माझ्याआधी हे काम बघणाऱ्या इंदुताईंना फोन लावला.

"अगं, ती बाहेरगावची मानसं!" त्या हसायलाच लागल्या. "साडेपाचची बस धरायची असतीया त्यास्नी. बसची वेळ बदलली की कळवाय केलता तो गट."

मनाई काढली, पण नवी परवानगी लागू व्हायला अण्णांना त्यांच्या संगणकातून एकदा लॉगआऊट व्हावं लागणार होतं. मी ओरडले, "अण्णा, एकदा बाहेर पडा, मग परत आत या!"

"पडतोयच की," म्हणत अण्णांनी चपला घातल्या आणि खरंच पायऱ्या उतरले.

"तुमी न्हवं! संगणकातनं!" मी अनवाणी पळत जाऊन त्यांची पिशवी धरली आणि रस्त्यातच सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं.

परत आत येऊन अण्णांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. फोल्डर उघडला. सगळ्यांत वर त्यांचा पहिला काठ होता, त्याला त्यांनीच नाव दिलेलं, 'उचगाव एक'. माझ्या जिवात जीव आला आणि डोळ्यांना धारा लागल्या.

"रडतीस काय? चा सांग," अण्णा म्हणाले.

त्या गटाचं नाव मी 'साडेपाचची बस' करून टाकलं.

संध्याकाळी अण्णांनी पिशवी उचलली, तेव्हा मी पटकन खुर्चीतून उठले. दारात थांबून ते हसले.

"बाहेर पडतो गं. उद्या आत येतो."