दोन बोटं उसवा

वजनासाठी चार वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेली शिंपीणबाई नवऱ्यासोबत सर्जनसमोर बसली होती. वजन उतरलं होतं, पण छातीतली जळजळ पिच्छा सोडत नव्हती. तीन उशांना टेकून झोपलं तरी घशाशी आंबट यायचंच.

"पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल," सर्जन म्हणाले.

"मग दोन बोटं उसवा की! जाडी वाढली तर वाढली."

"उसवा म्हणजे?"

"अहो, शिवून लहान केलंय ना? मग आत माया असेलच." शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला ती माया म्हणायची. तीस वर्षांत एकही ब्लाउज तिने मायेशिवाय शिवला नव्हता. गिऱ्हाईक आज ना उद्या फुगणारच.

सर्जनने चष्मा काढला. "बाई, आत काही नाही. पाऊण जठर कापून काढलं आम्ही. तेव्हाच टाकूनही दिलं. तुम्ही सही केली होती."

तिचा हात आपसूक पोटाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं गं. तुला नव्हतं?"

सर्जन सांगू लागले, उरलेलं जठर आता थेट आतड्याला जोडायचं. तिने मध्येच पिशवीतून आखायचा खडू काढला आणि त्यांच्यापुढे आपटला.

"आधी आखून दाखवा," ती म्हणाली, "आणि या खेपेला माया किती ठेवणार ते बोला."